अडीच गुंठ्यांची बाग

शेतीचा विषय निघाला म्हणजे आमच्या वाचकांच्या दृष्टीपुढें एकरांचे आंकडे उभे राहतात. ऊस किती एकर, हळद किती एकर, एकरीं उतारा काय पडला, यापलीकडे बोलणें सहसा जात नाहीं. त्यांत गैर कांहीं नाहीं. ज्यास जमिनीवर संसार चालवावयाचा त्यानें एकरांतच विचार केला पाहिजे. परंतु जमिनीचा एखादा लहानसा तुकडा असाही असूं शकतो कीं, त्यावर संसार अवलंबून नसतो, त्याचा माल बाजारांत जात नाहीं, आणि तरीही बाराही महिने सकाळ-संध्याकाळ तिकडे पाय वळतात. अशा तुकड्याविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. मंडळाच्या मासिकांत हा विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल हें आम्ही जाणून आहों. तथापि ज्यांच्या विहिरीच्या कडेस अशी जागा रिकामी पडलेली आहे असे आमचे कांहीं सभासदच मेथीची जुडी बाजारांतून विकत आणतांना आम्हांस दिसतात, आणि म्हणून लिहावयास धीर आला.

प्रथम मापाचें सांगतों. कारण उभें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेल्यामुळें मापावांचून आम्हांस जमीन दिसतच नाहीं. आमची बाग अडीच गुंठ्यांची आहे. जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणींत सांखळी ३३ फुटांची असे. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आतां सात-बाराच्या उताऱ्यावर हेक्टर व आर आले, परंतु गांवांत अजून गुंठाच बोलला जातो. तिकडे इंग्लंडांत मजुरांस व शहरवासीयांस भाजीपाल्यासाठीं लहान तुकडे नाममात्र खंडानें देण्याची चाल आहे. त्या तुकड्याचें रूढ माप दहा रॉड. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे आमच्या सांखळीच्या बरोबर निम्मा. तेव्हां चार चौरस रॉडांचा गुंठा होतो आणि दहा चौरस रॉडांचे अडीच गुंठे. त्यांत एका इंचाचाही फरक नाहीं. हा हिशेब जेव्हां आम्हीं प्रथम कागदावर मांडून पाहिला तेव्हां आम्हांस जो आनंद झाला तो वाचकांपैकीं फक्त मोजणीदारांस समजेल.

त्या देशांत ही चाल दयेपोटीं आली नाहीं, तोट्यांतून आली. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत गांवोगांवचीं सामायिक रानें व कुरणें कायद्यानें बंदिस्त होऊन खासगी झालीं, आणि ज्या गरिबांची एखादी गाय व दोन वाफे त्या सामायिक जमिनीवर चालत ते उघडे पडले. त्यांच्या हातीं निदान एक तुकडा असावा म्हणून ही व्यवस्था हळूहळू उभी राहिली, आणि १९०८ च्या कायद्यानें मागणी असेल तेथें असे तुकडे पुरविणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बाहेरचें अन्न येणें कठीण झालें तेव्हां तेथें अशा तुकड्यांची संख्या दहा लक्षांच्या वर गेली होती. जर्मनींत याच जातीच्या बागांस श्रेबर नांवाच्या एका वैद्याचें नांव मिळालें आहे. त्यांच्या स्मरणार्थ लाइपझिग येथें १८६४ मध्यें जी संस्था निघाली ती मुळांत मुलांच्या क्रीडांगणासाठीं. कडेनें वाफे मागाहून आले, आणि वाफेच टिकले. तेथील १९८३ चा कायदा अशी बाग ४०० चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारें चार गुंठ्यांहून, मोठी नसावी असें सांगतो. आमच्याकडेही १९४३ च्या टंचाईंत ‘अधिक धान्य पिकवा’ ही चळवळ झाली, पण ती चळवळच राहिली. भूमिहीनाच्या हातीं कायमचा तुकडा असें तिच्यांतून कांहीं निघालें नाहीं.

आमचा तुकडा कृष्णाकांठीं वाई तालुक्यांत एका सद्गृहस्थांच्या उसाच्या शेताच्या कोपऱ्यास आहे. गांवांत त्यांना सर्वजण तात्या म्हणतात, आम्हीही तसेंच म्हणतों. एका अंगास त्यांची विहीर, दुसऱ्या अंगास ओढा, आणि मध्यें एक सांखळी रुंद व अडीच सांखळ्या लांब अशी पट्टी; ट्रॅक्टरास वळावयास जागा पुरत नाहीं म्हणून ती वर्षानुवर्षें पडीक होती. ती आम्हांस मिळून पांच वर्षें झालीं. त्यांतलीं पहिलीं चार रविवारांवर व किरकोळ रजांवर भागवावीं लागलीं. सेवानिवृत्तीनंतरचें हें पहिलेंच वर्ष असें कीं, त्याचे सहाही ऋतु आम्हांस एका जागीं उभें राहून पाहावयास मिळाले. रविवारी जाणाऱ्यास बागेंत काय झालें एवढेंच दिसतें. रोज जाणाऱ्यास तें होतांना दिसतें.

पंचांगाचें वर्ष पाडव्यास लागतें, बागेचें रोहिणीस. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणींत जातो, आणि त्याच्या आगेंमागें वळवाची एखादी सर येऊन जाते. त्या सरीपूर्वीं आमच्या काळ्या जमिनीवर कुदळ मारणें म्हणजे दगडावर मारणें होय. पण सर पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं वाफसा येतो. मुठींत घेतलेलें ढेंकूळ बोटांस न चिकटतां आपोआप फुटतें, आणि आदल्या आठवड्यांत जें काम दोन माणसांस उरकलें नसतें तें एका माणसाच्या हातून सकाळच्या प्रहरांत होतें. ही घटका साधण्यासाठीं रोज जाऊन माती मुठींत धरून पाहावी लागते. एक दिवस अलीकडे चिखल, दोन दिवस पलीकडे पुन्हां दगड. नांगर आमच्याकडे चालत नाहीं; बैल नाहींत, आणि ट्रॅक्टर तर वळतच नाहीं. जें काय तें कुदळीनें, फावड्यानें व खुरप्यानें. शेणखत मात्र चांगलें कुजलेलें पाहिजे. कच्चें खत घातलें कीं त्याबरोबर हुमणीही आलीच, आणि मग पावसाळाभर रोपें उभीं वाळतात व माणूस आकाशास दोष देत बसतो.

मृगाच्या पहिल्या पावसावर वेल लावावे. दोडका, कारलें, पडवळ यांचें बीं रात्रभर भिजवून एकेका आळ्यांत दोन-तीन दाणे टोंचावे, आणि उगवल्यावर जोमदार तेवढें एक ठेवावें. ओढ्याच्या बाजूस मांडव, पाणी झिरपतें तेथें अळूं, मध्यें भेंडी व गवार, विहिरीच्या बाजूस उंच गादीवाफ्यावर वांगीं व मिरची यांचें रोप. याच दिवसांत ओल्या मातींतून ते तांबडे मखमली किडे बाहेर येतात. आमचा नातू त्यांस काड्याच्या पेटींत घालतो व आम्ही संध्याकाळीं ते सोडून देतों.

पुनर्वसूचा तरणा पाऊस व पुष्याचा म्हातारा पाऊस, या दोहोंच्या दिवसांत बागेंत करण्यासारखें थोडें आणि उपटण्यासारखें फार. पण तणाची निंदा करणाऱ्यांस आमचें एक सांगणें आहे. कुर्डू, टाकळा, घोळ, तांदूळजा हीं सारीं पेरल्यावांचून येतात, आणि कोंवळीं असतां त्यांच्या भाज्या अळवाहून कमी रुचकर होत नाहींत. आमच्या घरीं आषाढांतील निम्मी खुरपणी सरळ चुलीवर जाते. एकरांच्या शेतांत हें साधत नाहीं, कारण तेथें तण मारावयास फवारा येतो आणि मग तें तण खाण्याच्या उपयोगाचें राहत नाहीं.

श्रावण उजाडला म्हणजे मांडवाखालीं उभें राहण्यासारखें दुसरें सुख नाहीं. येथें थोडें विस्तारानें लिहितों, कारण ही गोष्ट आम्हांस या वर्षींच नीट पाहावयास मिळाली. आमच्या या एवढ्याशा बागेंत फुलांच्या दोन पाळ्या चालतात. तांबड्या भोपळ्याचें मोठें पिंवळें फूल पहांटेस उमलतें व ऊन चढतांच मिटूं लागतें. काकडीचें व कारल्याचें सकाळचें. त्यांवर मधमाशा राबतात. दोडक्याचें फूल मात्र दिवस कलल्यावर, गुरें घरीं परतण्याच्या वेळीं उमलतें, आणि दुधी भोपळ्याचें पांढरें शुभ्र फूल सांज झाल्यावर. तें रात्रभर अंधारांत उठून दिसतें आणि त्यावर पतंग येतात. जो सकाळीं बागेंत जाऊन परत येतो त्याला दुधीचें फूल जन्मांत ताजें दिसावयाचें नाहीं. आम्हांस पन्नाशी उलटेपर्यंत तें कोमेजलेलेंच असतें असें वाटत होतें म्हटलें तरी चालेल.

हें नुसतें पाहण्याचें सुख नव्हे, याचा उपयोगही आहे. प्रत्येक वेलावर नर-फुलें फार व मादी-फुलें थोडीं. मादी-फुलाच्या देंठाशीं बारीक दोडका किंवा भोपळा आधींच तयार दिसतो. झडीच्या दिवसांत माशा व पतंग बाहेर पडत नाहींत. मग तें बारकें फळ पिंवळें पडून गळतें आणि शेतकरी दुकानांतून औषध आणतो. औषधानें काय होणार? त्याच वेळच्या ताज्या नर-फुलाच्या पाकळ्या सोलून त्याचा मधला दांडा मादी-फुलाच्या तोंडावर हलकेंच फिरवावा. भोपळ्यास पहांटे, दोडक्यास व दुधीस सांजवेळीं. एका मांडवास दहा मिनिटें लागतात. फळमाशीची गोष्ट वेगळी. कारल्यास व दोडक्यास डंख मारून ती आंत अंडीं घालते, फळ वांकडें होतें व सडतें. तिच्यासाठीं आम्ही क्यू-ल्युअरचा सापळा टांगतों, आणि गळलेलें प्रत्येक फळ उचलून हातभर खोल पुरतों. दुसरें काम पहिल्याहून महत्त्वाचें, परंतु सापळा विकत मिळतो म्हणून लोक सापळाच तेवढा लावतात.

भाद्रपदांत गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं ऋषिपंचमी येते. त्या दिवशीं व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचें कांहीं खात नाहींत. अळूं, माठ, पडवळ, दोडका, भेंडी, भोपळा, मक्याचीं कणसें, सुरण अशा नाना जिनसांची एकच भाजी होते. आमच्या घरीं तर तेलही वापरीत नाहींत, कारण घाण्यास बैल असे. आतां घाणा विजेवर चालतो व नांगर डिझेलवर, तेव्हां काटेकोर पाहिल्यास बाजारांतील बहुतेक सारें बैलाच्या श्रमावांचूनचेंच ठरेल. परंतु व्रताचा अर्थ तसा नव्हे, हें आमच्या घरच्या मंडळींनीं आम्हांस एका वाक्यांत समजावून दिलें. बैलाचा नसावा म्हणजे माणसाच्या हाताचा असावा. बाजारांत त्या दिवशीं विकणारा शपथेवर सांगतो आणि दुप्पट भाव घेतो. यंदा आमच्या बागेंतून त्या एका सकाळीं गल्लींतील सात घरांस भाजी गेली, आणि त्या साती घरांत तिच्याविषयीं कोणी शपथ मागितली नाहीं. कुदळ मारतांना आम्हांस सर्वांनीं पाहिलेलें होतें.

शरदाविषयीं थोडक्यांत. हस्ताचा पाऊस, ज्यास आमच्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात, तो यंदा जोराचा पडून मांडवाची एक बाजू खालीं आली. वेलांचे दिवस भरतच आले होते, म्हणून आम्हीं ती उभी केली नाहीं. नवरात्रांत घटाशीं जें धान्य रुजत घालतात त्याकडे आम्ही देवाच्या सेवेबरोबरच बियाण्याची परीक्षा म्हणूनही पाहतों. नऊ दिवसांत गहूं व हरभरा कसा उगवतो तें तेथेंच कळतें. झेंडू दसऱ्यास गेला.

खरी बाग हेमंतांत. स्वाती सरल्या, सकाळीं दंव पडूं लागलें, कीं पाल्याच्या भाज्यांचे दिवस आले. मेथी तीन-चार दिवसांत वर येते व महिन्याच्या आंत काढावयास होते. म्हणून सारा वाफा एकदम न पेरतां दर दहा दिवसांनीं वावभर पेरावी, म्हणजे माघापर्यंत ताजी मिळते. कोथिंबीर पंधरा दिवस तोंड दाखवीत नाहीं. धने अख्खे टाकून वाट पाहणारे पुष्कळ. ते चपलेखालीं किंवा लाटण्याखालीं हलके रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्या व रात्रभर भिजवावे, म्हणजे उगवण चांगली होते. मुळा, पालक, चाकवत हीं सोशीक. फ्लॉवर आम्हीं सोडून दिला. तीन महिने जागा अडवितो, दर आठवड्यास औषध मागतो, आणि शेवटीं देतो काय तर एक गड्डा. ज्याची जमीन मोठी व बाजार जवळ त्यानें अवश्य लावावा.

वांग्यांचें मात्र आम्हांस वेड आहे. कृष्णाकांठचें वांगें कां नांवाजलें जातें हें बाहेरच्यास सांगून कळत नाहीं, त्याला जेवावयासच बोलवावें लागतें. त्याचा शत्रु म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. सकाळीं बागेंतून फेरी मारतांना एखादा शेंडा माना टाकून लोंबतांना दिसतो, बाकीचें झाड ताठ असतें. तो शेंडा भोंकाच्या खालून खुडून अळीसकट नष्ट करावा. हें काम रोजचें, दोन मिनिटांचें. चाळीस झाडांस तें होतें, चार हजार झाडांस होत नाहीं. म्हणूनच बाजारच्या वांग्यावर किती औषध पडतें याचा विचार आम्ही करीत नाहीं व वाचकांनींही जेवतांना करूं नये. ढगाळ हवा आली कीं वालावर व पावट्यावर काळा मावा चढतो. त्यावर आठवडाभर धीर धरावा असें आमचें मत आहे. ढालकिडे येतात, त्यांच्या अळ्या दिसावयास ओंगळ असतात पण माव्याचा फडशा पाडतात. त्या ओंगळ अळीसच शत्रु समजून मारणारे आमच्या पाहण्यांत पुष्कळ आले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगी. वांगीं, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, सगळें एकत्र, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यंदा त्या भाजींत गाजरावांचून सारें बागेचें होतें. गाजर आमच्या चिकण जमिनींत फांटे फुटून पायजम्यासारखें येतें, म्हणून आम्ही लावीत नाहीं.

आतां शिशिर-वसंताकडे येतों, आणि त्याबरोबर एका अडचणीच्या गोष्टीकडे. लसूण फाल्गुनापूर्वीं निघतो. कांद्याच्या माना पडूं लागल्या कीं पाणी तोडावें, आणि निम्म्याअधिक पडल्यावर काढावा. शेवगा फुलतो, विहिरीचें पाणी एकेक पायरी खालीं जातें, बाग रिकामी होऊं लागते. आणि पाडवा येतो. पाडव्यास तात्या आम्हांस शब्द देतात. कागद नाहीं, करार नाहीं. दर आठवड्यास एक टोपली भाजी त्यांच्या घरीं जाते. तिला आम्ही खंड म्हणत नाहीं, तेही म्हणत नाहींत. त्या शब्दाचा अर्थ दोघांसही ठाऊक आहे.

कारण असें कीं, १९४८ च्या कूळकायद्यानें दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीनें कसणारा हा कूळ मानला गेला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं पुष्कळ कुळें कसत होतीं त्या जमिनींचीं मालक ठरलीं. जुन्या दप्तरांत त्या खटल्यांचे कागद आम्हीं स्वतः हाताळले आहेत. पिढ्यान् पिढ्या ज्यांचा घाम मुरला त्यांस जमीन मिळाली हें योग्यच झालें, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, मालकाच्या घरीं अजूनही, ज्या पिढीनें तो दिवस पाहिलाही नाहीं त्या पिढींत, परक्याच्या हातीं कुदळ दिसली कीं पोटांत गोळा उठतो. पडीक राहिलेलें बरें, पण दुसऱ्याचें पीक नको. गांवांतल्या कित्येक ट्रॅक्टर-न-वळणाऱ्या कोपऱ्यांवर गाजरगवत माजतें त्याचें हें एक कारण आहे. आमच्या भाज्यांची नोंद कोठेंच नाहीं. २०२१ पासून शेतकऱ्यानें स्वतः भ्रमणध्वनीवरून पीकपाहणी नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. तात्यांचे चिरंजीव सबंध गटास ऊस लावून मोकळे होतात. कागदोपत्रीं आमचीं वांगीं ऊस आहेत. ज्या माणसानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी अक्षरांत उतरविल्या त्याला आपल्या हाताची अडीच गुंठे जमीन कोठल्याच कागदावर नसावी, ही गोष्ट प्रथम प्रथम बोचली. पुढें वेल चढले आणि बोचणें कमी झालें.

ह्या वर्षींच्या पाडव्यास आम्ही नेहमींप्रमाणें गेलों तेव्हां तात्या म्हणाले, “अण्णा, तुमच्याविषयीं शंका नाहीं हो. पण पोरगा म्हणतो, तिथं ठिबकची टाकी अन् खताची खोली बांधायची. अन् तुमच्यामागं तुमची मुलं काय म्हणतील, तेही त्यानं विचारलं.” आम्ही म्हणालों, “तात्या, आमचीं मुलें पुण्यास आहेत, त्यांना कुदळ कोणत्या बाजूनें धरावी हें ठाऊक नाहीं.” ते हंसले, पण शब्द दिला नाहीं. “अक्षयतृतीयेपर्यंत बघू,” म्हणाले. अक्षयतृतीया होऊन गेली. पुनः विचारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं, आणि त्यांस नाहीं म्हणणें प्रशस्त वाटत नसावें.

एक सूचना मंडळापुढें ठेवावयाची आहे. मंडळाच्या गुदामामागें जें आवार आहे त्यांत अडीच अडीच गुंठ्यांचे चार तुकडे सहज पडतील, आणि पाणी शेजारींच आहे. जमीन मंडळाची असल्यानें कोणा एका मालकाच्या पोटांत गोळा उठण्याचें कारण नाहीं. गांवांत पोस्टमन आहेत, शाळेचे शिपाई आहेत, ज्यांच्याकडे घरापुरती जागा व अंगांत शेती आहे पण शेत नाहीं अशीं मजुरांचीं घरें आहेत. वर्षाच्या बोलीनें, मंडळाच्याच नोंदवहींत नांव लिहून, हे तुकडे त्यांस द्यावे. नोंदवही ठेवण्याचें काम आम्ही विनावेतन करूं. तें आम्हांस येतें. तुकडा मात्र आम्हांस नको. आमच्याहून गरजू पुष्कळ आहेत. ज्या सभासदांच्या विहिरीपाशीं स्वतःचा कोपरा पडून आहे त्यांनीं मंडळाच्या ठरावाची वाट पाहण्याचें कारणच नाहीं. रोहिणीस अजून अवकाश आहे.

सध्यां वैशाख चालला आहे. बागेंत एक दुधी, दोन कारलीं व मिरचीचीं कांहीं झाडें एवढेंच उभें आहे. त्यांच्या बुंध्याशीं मडकीं गळ्यापर्यंत पुरून ठेविलीं आहेत. तीं चार-पांच दिवसांनीं भरलीं म्हणजे पाणी झिरपत राहतें. वर उसाचें पाचट अंथरलें आहे. बियांचें काम उरकलें. दुकानच्या संकरित वाणाचें बीं धरण्यांत अर्थ नाहीं, पुढच्या वर्षीं झाड भलतेंच निघतें. पण गांवठी दोडका, काळा घेवडा, चवळी व आमचें तें कृष्णाकांठचें वांगें यांचें बीं आम्ही धरतों. दोडका वेलावरच वाळूं द्यावा, हालवून खुळखुळला म्हणजे काढावा. घेवड्याचें बीं चाळलेल्या राखेंत कालवून मातीच्या गाडग्यांत भरलें आहे, तोंडास फडकें बांधलें आहे, आणि प्रत्येक गाडग्यावर जिन्नस, वाण व महिना लिहिलेली चिठ्ठी आहे. आमच्या घरची मंडळी म्हणते कीं, एवढें सुवाच्य अक्षर आम्हीं कचेरींत कधीं काढलें नसेल.

शेणखताची एक गाडी येऊन पडली आहे. ती नेहमीं विहिरीपाशीं बागेंत उतरते. या वेळीं आम्हीं गाडीवाल्यास ढीग कुंपणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेसच टाकावयास सांगितला आहे.